‘छान आहे’ नको आणि चाळीस दुरुस्त्याही नकोत

दोन वर्षांपूर्वी एका ज्युनिअरने पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेला एसओपी मला वाचायला पाठवला. आपण विज्ञानाकडे कसे वळलो आणि आता कशावर काम करायचंय, हे सांगणारा दीड पानांचा निबंध. मी तासभर बसून ४० दुरुस्त्या केल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

इंटरव्ह्यूनंतर तिचा फोन आला. “दादा, निबंधातलं जलप्रदूषणाचं वाक्य विचारलं. कोणतं प्रदूषण, म्हणाले. मला काही बोलताच येईना. ते वाक्य माझं नव्हतंच ना.”

मी तिचा मूळ ड्राफ्ट पुन्हा उघडला. तिचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. तिने लिहिलं होतं की बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून आजी डाळीपुरतं पाणी लांबून आणायची. त्यावर मी ‘अनौपचारिक, काढून टाक’ असं लिहिलं आणि तिथे ‘ग्रामीण जलप्रदूषणाच्या समस्येने मला प्रेरित केले’ हे वाक्य बसवलं. गंमत म्हणजे ते चूकही होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारेपणा मुळात भूगर्भातला आहे. उलट तिच्या डाळीत खरं रसायनशास्त्र होतं: पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतात, म्हणून ती लवकर मऊ होत नाही. निबंधातलं सगळ्यात भक्कम वाक्य मीच कापलं होतं.

त्यानंतर पीटर एल्बो यांचं १९७३ चं ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वाचकाने निकाल देऊ नये, वाचताना आपल्या मनात काय झालं ते सांगावं. कोणते शब्द लक्षात राहिले? मजकूर एका वाक्यात काय सांगतो? कुठे गुंतलो, कुठे गोंधळलो? आपल्या भाषेत सांगायचं तर आधी निरीक्षण नोंदवा, निष्कर्षाची घाई नको. ‘दुसरा परिच्छेद कंटाळवाणा आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘दुसऱ्या परिच्छेदात तीन कोर्सची नावं आली आणि मी पुढे उडी मारली’ हे निरीक्षण. पहिल्यावर वाद होतो. दुसऱ्याचं काय करायचं ते लिहिणारा ठरवतो.

पण एल्बोंची पद्धत जशीच्या तशी आपल्याला पुरत नाही, असं मला वाटतं. त्यांच्यासमोर नियमित भेटणारा, एकमेकांचं लिखाण निवांत ऐकणारा गट होता. एसओपी वाचणाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो आणि त्याला निवड करायची असते. ‘आजीचा प्रसंग भावला’ एवढं सांगून थांबलो, तर ज्युनिअर आजीवरच आणखी दोन परिच्छेद लिहील! म्हणून निरीक्षणानंतर मी एक प्रश्न जोडतो: “मग तू काय केलंस?” आठवण आणि संशोधन यांच्यातला पूल या प्रश्नाच्या उत्तरातच असतो.

यंदा तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी मी चारच गोष्टी लिहिल्या. डाळ लक्षात राहिली. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ इथे लक्ष उडालं. तिसऱ्या परिच्छेदात एकदम क्रोमॅटोग्राफी कुठून आली, कळलं नाही. आणि डाळ न शिजण्याचं कारण शोधायला तू काय केलंस?

शेवटच्या प्रश्नावर तिचं उत्तर आलं: बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी तिने गावातल्या सहा बोअरचं पाणी बाटल्यांत भरून कॉलेजात नेलं होतं आणि ईडीटीए टायट्रेशन करून कठीणपणा मोजला होता. हे पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हतंच, आणि माझ्या ४० दुरुस्त्यांनी ते कधी बाहेरही आलं नसतं.

निकाल अजून लागायचा आहे. पण या वेळी कोणतंही वाक्य विचारलं तरी ती त्यावर बोलू शकेल.

तुमच्याकडे कुणाचा ड्राफ्ट आला, तर पहिल्या वाचनाला पेन बाजूला ठेवा. स्पेलिंग शेवटी बघता येतं. आणि एखादं वाक्य बदलावंसं वाटलंच, तर बदलण्याआधी विचारा: “इथे तुला नक्की काय म्हणायचंय?”