'पँडरिंग' म्हणजे लांगूलचालन नव्हे

मंडळी, आज आपण एकच शब्द घेऊ. इंग्रजी वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांवर 'पँडरिंग'चा आरोप होतो. मराठीत आपण त्याला सर्रास 'लांगूलचालन' म्हणतो. आमची तक्रार आहे ती इथेच.

लांगूलचालन म्हणजे शेपटी हलवणे. घास घालणाऱ्यापुढे कुत्रा काय काय करतो, हे सांगताना भर्तृहरीने 'नीतिशतका'त हा शब्द वापरला आहे. आता बघा, यात लाचार कोण? शेपटी हलवणारा. ज्याच्यापुढे हलवली, त्या मालकाचे काहीच बिघडत नाही.

'पँडर'ची कुळकथा वेगळी आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये पँडारस हा ट्रॉयच्या बाजूने लढणारा धनुर्धारी. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात तो ट्रॉयलस आणि क्रिसेड यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणून येतो. शेक्सपिअरच्या नाटकात तर तो पुरता दलालच होतो. आपल्या 'कुंटणखाना' या शब्दात जी कुंटीण आहे ना, तिचा हा व्यवसायबंधू. दुसऱ्याची वासना हेरायची आणि तिची सोय लावायची, हे याचे काम.

प्लेटोच्या 'गॉर्जियस'मध्ये सॉक्रेटिस एक खटला कल्पितो. आरोपी वैद्य, फिर्यादी आचारी आणि न्यायाधीश लहान मुले. वैद्याने कडू औषधे पाजली, उपाशी ठेवले. आचाऱ्याने गोडधोड खाऊ घातले. निकाल काय लागणार, हे सांगायला नको. पण तब्येत बिघडते ती मुलांची, आचाऱ्याची नाही!

मग लोकांना आवडेल ते बोलूच नये का? तसे नाही. तहानलेल्या गावाला पाणी देणे हे पँडरिंग नव्हे. आणि कडू बोलले की ते खरेच असते, असेही नाही. प्रश्न दोनच: बोलणाऱ्याला ते स्वतःला पटले आहे का? आणि त्यात ऐकणाऱ्याच्या हिताचा विचार आहे का?

आपण मात्र हा आरोप दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवतो. आपला अभिमान कुरवाळला की ती 'अस्मिता', दुसऱ्यांचा कुरवाळला की 'लांगूलचालन'. या शब्दाने आपली मोठी सोय होते. मालकाच्या खुर्चीत बसून आपण शेपटी बघत राहतो. 'पँडरिंग' हा शब्द आपल्या ताटाकडे बोट दाखवतो. टाळी वाजवण्याआधी तिकडे बघावे. आमच्या व्याख्यानालाही हा नियम लागू आहे.