जादूच्या वस्तूंचा तोल

जी वस्तु अस्तित्वांतच नाहीं तिचें मोल कसें ठरवावें, हा प्रश्न व्यवहारी मनुष्यास हास्यास्पद वाटेल. परंतु एका खेळाच्या संदर्भांत तो आज कित्येक वर्षें मोठ्या गांभीर्यानें चर्चिला जात आहे. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एकानें सूत्रधार व्हावें, बाकीच्या चार-पांच जणांनीं एकेक पात्र घ्यावें, आणि संभाषणानें व फाशांच्या दानानें सर्वांनीं मिळून एक साहसकथा रचावी, असें त्याचें स्वरूप आहे. कथेंत जादूच्या तरवारी, आंगठ्या, जोडे ओघानेंच येतात. छापील ग्रंथांत त्यांची रेलचेल असली, तरी स्वतःची एखादी नवी वस्तु घडविण्याचा मोह होतकरू सूत्रधारास आवरत नाहीं. ती अशी असावी, कीं मिळाल्याचा आनंद व्हावा आणि खेळ तर बिघडूं नये. या गुणास खेळणारे ‘तोल’ म्हणतात. तो साधावा कसा, याविषयीं जी समजूत रूढ आहे ती आम्हांस अपुरी वाटते.

समजूत अशी, कीं तोल हा गणिताचा विषय आहे. २००० सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या मार्गदर्शक ग्रंथांत किंमत काढण्याचीं रीतसर सूत्रेंच दिलीं होतीं. शस्त्राच्या जादूचा जो आंकडा असेल त्याचा वर्ग करावा व त्यास २००० नीं गुणावें, म्हणजे जादूची किंमत सोन्याच्या नाण्यांत निघते. अधिक एकच्या तरवारीस २०००, अधिक पांचच्या तरवारीस ५०,०००. एखाद्या मंत्राचा प्रभाव सदैव जागृत ठेवणारी वस्तु असल्यास मंत्राची पायरी, मंत्र म्हणणाराची पायरी आणि २००० यांचा गुणाकार करावा. आतां ‘ट्रू स्ट्राइक’ नांवाचा पहिल्या पायरीचा एक मंत्र त्या आवृत्तींत होता. तो म्हटला असतां पुढील एका प्रहाराच्या दानांत २० मिळविले जात. सूत्र लावून पाहावें, तर हा मंत्र कायम धारण करणारी तरवार अवघ्या दोन हजार नाण्यांस पडते! पन्नास हजारांस पांच, आणि दोन हजारांस वीस. सूत्रें अंदाजापुरतींच समजावीं, असें ग्रंथकारांनीं बजावलें होतें. पण सूत्र एकदां छापलें कीं इशारा कोण वाचतो? परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणारास हें निराळें सांगावयास नको.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें सूत्रें टाकून दुर्मिळतेचे वर्ग केले. तरी घोटाळा संपला नाहीं. वीस पैलूंच्या फाशावर ११ वा अधिक पडल्यास घाव बसतो असें धरूं. म्हणजे शंभरांत पन्नास. साध्या तरवारीचा घाव आठ पैलूंच्या फाशानें मोजतात. योद्ध्याच्या बळाचे ३ मिळवून सरासरी साडेसात, आणि दर प्रहारामागें हिशेब पावणेचार. तीच तरवार अधिक तीनची झाली, कीं शंभरांत पासष्ट घाव, सरासरी साडेदहा, हिशेब ६.८. आंकडा लहान, पण सामर्थ्य पाऊणपटीहून अधिक वाढलें. आतां ‘फ्लेम टंग’ ही ज्वालामय तरवार घ्या. ती नेम सुधारीत नाहीं, पण प्रत्येक घावास सरासरी ७ ची आग जोडते, हिशेब ७.२५. (क्वचित् पडणारे विशेष घाव आम्हीं सोडून दिले आहेत.) तरीहि पहिली ‘अतिदुर्मिळ’ आणि दुसरी नुसती ‘दुर्मिळ’. दुसरीशीं पात्रास नातें जोडावें लागतें व अशीं तीनच नातीं त्यास जोडतां येतात, शिवाय आगीस दाद न देणारे राक्षसहि असतात, हें ग्रंथकारांच्या बाजूनें सांगतां येईल. पण पंखांच्या जोड्यांचें काय? चार तास उडविणारे आणि विश्रांतीनें पुन्हां ताजे होणारे जोडे ‘असाधारण’ या खालच्या वर्गांत, आणि तासभर उडवून कायमचें संपणारें औषध ‘अतिदुर्मिळ’! येथें आमची बुद्धि चालत नाहीं.

गणित चुकतें एवढेंच आमचें म्हणणें असतें, तर अधिक चांगलें गणित करा म्हणून आम्ही मोकळे झालों असतों. पण बिनचूक गणितानेंहि तोल जातो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमचे कांहीं विद्यार्थी रविवारीं हा खेळ मांडतात. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं आम्हांसहि प्रेक्षक म्हणून बसवून घेतलें. सूत्रधार गणिताचा विद्यार्थी. त्यानें वाटेल तेव्हां उडविणाऱ्या खडावा कल्पिल्या, चार पानें हिशेब केला, राक्षसांचें बळ त्या मानानें वाढविलें आणि खडावा योद्ध्यास दिल्या. लढाया पूर्वीइतक्याच चुरशीच्या झाल्या. मात्र मंडळींत एक मुलगी चोराचें पात्र घेत असे. तट चढणें, दोर बांधणें, वरून टेहळणी करणें हें तिचें काम. गडाचा तट आला, तिनें “मी दोर घेऊन—” असें म्हणावें, तोंच योद्धा उडून वर गेलेला! तिसऱ्या रविवारीं ती मोबाइलमध्यें डोकें घालून बसली होती. राक्षसाशीं तोल राहिला होता, सोबतिणीशीं गेला होता. नाटकांत नायकच विदूषकाचे विनोद करूं लागला, तर विदूषकानें रंगभूमीवर उभें तरी कशास राहावें? आमच्या मतें वस्तूची खरी किंमत कोणाचें काम ती हिरावून घेते यांत आहे, आणि ती नाण्यांत मोजतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, हा निकष प्रत्येक मंडळीगणिक बदलेल, तो ग्रंथांत छापावा कसा? छापूं नये. छापील वस्तु अनोळखी वाचकांसाठीं असते. तिला सरासरीचा आधार घ्यावाच लागतो. तरवारीच्या बाबतींत तर गणितावांचून पाऊल टाकूं नये, हें वरील हिशेबावरून दिसेलच. पण घरीं घडविलेली वस्तु ओळखीच्या पांच माणसांसाठीं असते, आणि तेवढी सवलत सोडून सूत्रामागें धांवणें हें आम्हांस रसिकतेचें लक्षण वाटत नाहीं.

आम्हीं भीत भीतच हें त्या विद्यार्थ्यास सांगितलें. खडावा काढून घेणें त्याच्या जिवावर आलें. त्यानें एकच अट घातली. सोबत्यांपैकीं कोणीतरी आधीं जेथें पाऊल ठेवलें असेल तेथेंच त्या उडवून नेतात. पुढच्या रविवारीं दुसरा तट आला. चोर दोरानें वर चढली, माथ्यावर पाय सोडून बसली, आणि योद्ध्यास वर बोलावण्यापूर्वीं लुटींतील आपला वाटा किती, याची घासाघीस तिनें अर्धा तास चालविली.