इनामगावचे कोठार आणि ‘ऱ्हास’ नावाचा शब्द

एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात, २००६पासून बरीच वर्षे चाललेल्या आवृत्तीत, ऋग्वेदाच्या धड्यातच इनामगाव येते. ग्रंथ काय सांगतात आणि थडगी काय सांगतात, अशी ती जोडी आहे. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे मोठे घर, त्याला लागून धान्याचे कोठार, अंगणात चार पायांचा मातीचा रांजण आणि रांजणात मांडी घालून बसवलेला मृत माणूस. हा माणूस गावाचा नायक असेल का, असे पुस्तक मुलांना विचारते.

प्रश्न चांगला आहे, पण तो एक पाऊल अलीकडे थांबतो. माणूस नायक होता असे धरले, तर पुढचा प्रश्न कोठाराचा येतो. त्यात धान्य कोणाचे होते, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी ते कोणाला मिळाले? इनामगावबद्दल आजवर झालेल्या लिखाणात हा प्रश्न कडेला पडला आहे, आणि तो तसा का पडला हे पाहण्यासारखे आहे.

आधी एका शब्दाचा हिशेब करू. मराठीत आपण ‘सिंधू संस्कृती’ म्हणतो आणि ‘जोर्वे संस्कृती’ही म्हणतो. पहिल्या ठिकाणी अर्थ असतो नगरे, भाजलेल्या विटा, गटारे, मुद्रा, लिपी. दुसऱ्या ठिकाणी अर्थ असतो विशिष्ट घाटाची, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली भांडी वापरणारे शेतकरी. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. त्यामुळे वाचक नकळत दुसऱ्याला पहिल्याच्या फूटपट्टीने मोजतो आणि घोड नदीकाठचे गाव मोहेंजोदडोची गरीब भावकी होऊन बसते. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले. त्यांची छायाचित्रे सगळीकडे छापली जातात, इनामगावच्या चुलींची कोणी छापत नाही. याचे एक कारण हेच.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोडच्या उजव्या काठावर. हीच घोड पुढे भीमेला मिळते. हसमुख धीरजलाल सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजने इथे १९६८ ते १९८३ अशी सलग उत्खनने केली. एका खेड्यासाठी पंधरा वर्षे देणे ही भारतीय पुरातत्त्वात दुर्मीळ गोष्ट. बहुतेक ठिकाणी एक उभा खड्डा घेऊन थरांचा क्रम लावला जाई. इथे आडवे, विस्तृत खोदकाम करून शंभराहून अधिक घरे उघडी केली गेली. वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. आधी माळवा, मग १४००पासून पूर्व जोर्वे आणि १०००पासून उत्तर जोर्वे असे त्याचे तीन टप्पे.

हाती आले ते थक्क करणारे आहे. मातीच्या भिंतींची चौकोनी घरे, दोन घरांत सोडलेली बोळ, जमिनीत खणलेली बळदे, कणग्या ठेवण्यासाठी केलेले गोल ओटे. सातू, गहू, मसूर. वस्तीच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरे. एका घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल. आणि नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध व त्यालगतचा सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल कालवा. लोखंड नसताना, तांबे महाग असताना, बहुतेक हत्यारे गारगोटीच्या पात्यांची असताना हा कालवा खणला गेला. या गावाचे कर्तृत्व मोजायचे तर तिथून सुरुवात करावी.

या सगळ्याची कथा ढवळीकरांनी बांधली. १९८८चा उत्खनन अहवाल, दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक, आणि मराठी वाचकासाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’. त्यांचे मोठेपण असे की खापरांच्या याद्यांतून त्यांनी माणसे बाहेर काढली. कोण कुठे राहत होता, काय खात होता, मेल्यावर त्याचे काय केले, हे विचारण्याची सवय त्यांनी या विषयाला लावली. मोठे घर, शेजारचे कोठार, कडेला कारागीर यावरून त्यांनी नायकाच्या सत्तेखालचा समाज मांडला. कोठारात जमा होणारे धान्य हा एक प्रकारचा करच. इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले आढळतात, बहुधा मेलेल्याने गाव सोडून भटकू नये म्हणून. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत आहेत. म्हणजे मरणातही त्याला सूट होती.

मांडणी पटण्यासारखी आहे, आणि तिथेच सावध व्हायला हवे. मध्ये मोठा वाडा, कडेला बलुतेदार हे चित्र आपल्याला इतके ओळखीचे आहे की पुरावा पुरा होण्याआधीच डोळ्यांसमोर गावचा पाटील उभा राहतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावावर आपण अलीकडचा गावगाडा चढवतो आणि मग तोच गावगाडा तीन हजार वर्षे जुना असल्याचा दाखला म्हणून इनामगावकडे बोट दाखवतो. चाक गोल फिरते, आणि विषमता आपोआप ‘परंपरा’ होते.

दुसरी अडचण शेवटाची. इ.स.पू. १०००नंतर चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढते. ढवळीकरांचे उत्तर हवामानाचे: पाऊस घटला, कोरडेपणा वाढला, शेतकरी अर्धभटके झाले, शेवटी गाव सुटले. याला सगळे ‘ऱ्हास’ म्हणतात. पण हा ऱ्हास तीनशे वर्षांचा आहे. तीनशे वर्षे म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून थेट दायमाबादच्या कांस्यमूर्ती सापडेपर्यंतचा काळ. इतक्या पिढ्या तिथे चूल पेटवत राहिल्या, त्यांच्या जगण्याला फक्त उतरणीचा शब्द लावणे अन्यायाचे आहे. गोल झोपडी हे हार मानणे नव्हे. कमी पाण्यात टिकून राहण्याची तीही एक रीत होती.

या उत्तराला आव्हान हाडांनी दिले. इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि हे सारे घराच्याच जमिनीखाली. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांचा पायाभूत अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांवर २०११ साली पुस्तक लिहिले. उत्तर जोर्वे काळातल्या मुलांच्या वाढीवर अपुऱ्या पोषणाचा ताण दिसतो, आणि पुराहवामानाच्या नव्या नोंदी ताडून पाहता हवामानबदल हे एकच कारण पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे. माणसाने जमीन कशी वापरली, समाज कसा चालवला, हेही हिशेबात धरावे लागते.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवून पाहू. नायक आणि कोठार येतात ‘उपलब्धी’च्या प्रकरणात, भूक येते ‘हवामाना’च्या प्रकरणात. एकात सत्ता आहे, पण भूक नाही. दुसऱ्यात भूक आहे, पण सत्ता नाही. ज्या विद्वानांनी नायक शोधला, त्यांनीच ऱ्हासाच्या वेळी त्याला मोकळे सोडले. खरे तर ज्याच्या दारात कोठार होते, त्याचे नाव दुष्काळाच्या पानावर आधी यायला हवे. तो दोषी होता असे नव्हे. कोठार कदाचित वाटण्यासाठीच भरले जात असेल. पण प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. आज शिरूर तालुक्यात चिंचणीला घोडवर धरण आहे आणि नदीकाठाला ऊस उभा आहे. त्याच तालुक्यात पाबळच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण असते. शेजारच्या दौंडमध्ये मुळा-मुठा आणि भीमेच्या काठी ऊस, आणि दक्षिणेला जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाची वाट पाहणारी जिरायत गावे. पावसाचा फरक आहेच, पण तो एवढा मोठा नाही. पाणी कुठे वळवायचे हे कोणीतरी ठरवते. ‘पाऊस कमी पडला’ हे वाक्य खरे असूनही अपुरे असते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. इनामगावच्या इतिहासाने तेवढे शहाणपण त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

नदीकाठच्या पहिल्या वसाहतींचा गौरव करताना आपण कालव्याची लांबी-रुंदी सांगतो. ती सांगावीच. पण कालव्याबरोबर पाण्याची वाटणी येते आणि कोठाराबरोबर दाण्यांची. घरातल्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत निजवलेली मुले त्या वाटणीबद्दल काही सांगत आहेत. ‘संस्कृती’ या शब्दात त्यांनाही जागा असली पाहिजे.