'द हंग्री टाइड'मधील दंडकारण्य : निर्वासित, आदिवासी आणि 'उपरा' ही प्रतिमा

अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (2004) या इंग्रजी कादंबरीत मरिचझापीच्या घटनेला मध्यवर्ती स्थान आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या, प्रामुख्याने नमःशूद्र निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी केंद्र शासनाने 1958 मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. 1978 मध्ये त्यांतील हजारो कुटुंबे पश्चिम बंगालला परतली. विरोधात असताना त्यांची बाजू घेणाऱ्या डाव्यांनी सत्तेवर आल्यानंतर राखीव जंगलाचे कारण पुढे करून 1979 मध्ये मरिचझापी बळाने रिकामे केले.

निवृत्त मुख्याध्यापक निर्मल यांच्या वहीतून ही शोकांतिका वाचकापर्यंत येते. वाघ वाचविण्यासाठी माणसे मारावयास निघालेले हे प्राणिप्रेमी कोण, हा कुसुमचा प्रश्न कादंबरीचा नैतिक गाभा होय. ताडोब्यालगतच्या मोहर्लीतील वाचकास तो परका वाटणार नाही. येथील व्याघ्र प्रकल्पातूनही बोटेझरी, नवेगाव (रामदेगी) ही गावे हलविण्यात आली आहेत.

तथापि याच वाचकास कादंबरीची मर्यादाही जाणवते. तिच्यात दंडकारण्य येते ते केवळ वनवासाची भूमी म्हणून. तेथील मूळ रहिवासी अगम्य भाषा बोलणारे, निर्वासितांवर धनुष्यबाण घेऊन धावून जाणारे एवढेच दिसतात. त्यांना नाव नाही, घर नाही, संतापाला कारणही नाही. वस्तुतः शासनाने 'रिकामी' मानलेली जमीन त्यांच्या कुरणांची, सरपणाची आणि मोहफुलांची होती. एका विस्थापिताची वेदना सांगताना दुसऱ्याविषयीचा पूर्वग्रह तपासावयाचा राहून गेला आहे. हे कथन निर्वासितांच्या दृष्टीतून येते हे खरे; परंतु सुंदरबनातील प्रत्येक घटनेकडे अनेक बाजूंनी पाहणारा लेखक येथे दुसरी बाजू शोधीत नाही.

जे परतले नाहीत, तेही कादंबरीच्या परिघाबाहेर राहतात. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत बंगाली वसाहती आजही आहेत. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणारा नमःशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही. भात पिकविणारे, मराठी शाळेत शिकलेले हे शेजारी दैनंदिन बोलण्यात मात्र 'बाहेरचे'च राहतात.

2015 नंतर युरोपात स्थलांतरितांविषयी उसळलेला रोष आपण वर्गात तटस्थपणे शिकवितो. मुलचेऱ्याविषयी तेवढ्याच तटस्थतेने बोलणे कठीण जाते, कारण येथे आपणच यजमान आहोत. घोष यांची कादंबरी मोठी आहे ती तिने मरिचझापीला स्मृतीत आणले म्हणून. आणि अपुरी आहे ती तिने दंडकारण्याला मौनातच ठेवले म्हणून. गोंड, माडिया आणि बंगाली अशा तिन्ही आवाजांना सामावणारे लेखन हे या जिल्ह्यांतील साहित्याचे येणे आहे.