शोकाचा लगक्रम

अभिजात अरबी कवयित्रींचा कुठलाही इंग्रजी संग्रह उघडा, दोनच गोष्टी कळतात: खन्सा रडली आणि वल्लादा बंडखोर होती. अब्दुल्ला अल-उधारींच्या १९९९च्या संग्रहात निदान शेजारी मूळ अरबी छापलेले आहे. सेल्मा डब्बाग यांचे २०२१चे संकलन तर प्रेम आणि वासना यांपलीकडे बघायला तयारच नाही. वृत्ताची चौकशी करायची कुणालाच गरज वाटत नाही.

खन्साची सख्र या भावावरची 'बसीत' वृत्तातली विलापिका घ्या. बसीतचा अर्धा चरण म्हणजे इथे गागालगा, ललगा (ल लघू, गा गुरू). सख्रची थोरवी सांगताना ही बाई एकेक विशेषण नेमके तेवढ्याच मापाचे घेते. अशी तीन विशेषणे ओळीने येतात, तिन्ही एकाच अंतर्यमकात. चौथ्या वेळी ते यमक सोडून ती कवितेच्या मुख्य यमकावर उतरते. ढोल वाजवावा तसे हे तीन ठोके पडतात. याला कुणी 'उत्स्फूर्त आक्रोश' म्हणत असेल तर त्याने एकदा मोजून बघावे. अरबी व्याकरणकार खलीलने पंधरा वृत्तांचे शास्त्र बांधले ते आठव्या शतकात, म्हणजे खन्सानंतर शतकाहून अधिक काळाने. शास्त्र नव्हते तेव्हाही कान होताच.

बायकांना म्हणे हलकी वृत्ते सोसतात. अंगाईगीतांचा आणि रणांगणावरच्या आरोळ्यांचा 'रजज' दाखवून हे सिद्ध केले जाते.

आता वल्लादा. झग्यावर सोन्याने भरलेल्या तिच्या ओळींची आख्यायिका सगळे सांगतात. त्या 'वाफिर'मध्ये आहेत हे कोण सांगतो? लगाललगा, लगाललगा, लगागा. मधले दोन लघू हवे तेव्हा एका गुरूत मिटतात. तिची पहिलीच ओळ असे दोन लघू मिटवून सुरू होते. संध्याकाळी आठवणींनी झोप उडालेली खन्सा याच वाफिरात बोलते. एकीचा तोरा, दुसरीचा शोक, वृत्त एकच. मग 'बायकी वृत्त' नावाची चीज राहिली कुठे? आधुनिक काळातही तेच: इराकी कवयित्री नाझिक अल-मलाइकाने १९४७ साली ओळींची लांबी मोकळी केली, पण गण सोडला नाही, आणि १९६२च्या ग्रंथात त्यासाठी भांडली. तिलाही 'बंधने तोडणारी' म्हणूनच मिरवले जाते!

इंग्रजीवाल्यांचे एक वेळ समजू शकते, त्यांच्या छंदात लघुगुरू नाहीत. आपले काय? गझलेच्या निमित्ताने आपण ही वृत्ते फारसीमार्गे घरात घेतली, माधव जूलियनांनी त्यांचा हिशेब मांडून ठेवला. 'मुतकारिब'चा गण तर आपल्या भुजंगप्रयाताचाच, लगागा. खन्सा स्वतःच्या डोळ्यांना रडायला बजावते ती कविता त्यातच आहे. तिथे चरणाचा शेवटचा गण लगावरच तुटतो, ते तुटणे मराठीत जसेच्या तसे आणता येते. तरीही खन्सा मराठीत आणायची तर इंग्रजी मुक्तछंदावरूनच आणायची, याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.