‘गोडी’ कोणाच्या ठायी?

“त्याला अभ्यासाची गोडी नाही” ह्या वाक्यात उणीव विद्यार्थ्याच्या ठायी मानली जाते. शाळेचा निर्देशही त्यात नसतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराचा निर्धार जाहीर करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण असेच बहुधा केवळ जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते. १९९० मध्ये पुस्तिकारूपाने निघालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या त्यांच्या आत्मकथनात मात्र जिद्दीचा गौरव नाही. साताऱ्याच्या शाळेतील व्यवस्थेची नोंद आहे. वर्गात वेगळे बसावयाचे, त्यासाठी रोज घरून गोणपाट आणावयाचे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळावयाचे नाही. घरचे कपडे बहिणी धूत; त्याचे कारण दारिद्र्य नव्हे, हेही तेथे स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘पार्श्वभूमी’ ही केवळ घरची मिळकत नव्हे. समाजाने त्या घराला दिलेली वागणूकही तीत येते. जिद्दीच्या कथेने एका असामान्य पुरुषाचा गौरव होतो खरा. परंतु तीच तहान सोसून शाळा सोडणारा मुलगा तिच्यात आपोआप दोषी ठरतो. येवल्यातील विणकराच्या मुलाविषयीही ‘गोडी नाही’ असे म्हणण्यापूर्वी, शाळेने त्याला काय दिले, हे तपासणे अगत्याचे आहे.