मलेरियावाहक डासांचे बुरशीद्वारे नियंत्रण : एक चिकित्सक परामर्श

हुमणीच्या बंदोबस्तासाठी मेटारायझियम वापरणाऱ्या ऊस उत्पादकास कीटकांना मारणारी बुरशी ही कल्पना नवी नाही. मलेरिया पसरविणाऱ्या अ‍ॅनोफेलिस डासांविरुद्ध तिचा उपयोग करण्याचा विचार २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील दोन शोधनिबंधांमुळे विशेष चर्चेत आला.

बुरशीचे बीजाणू डासाच्या अंगास चिकटतात, बाह्यकवच भेदून आत शिरतात आणि काही दिवसांनी डास मरतो. हा मंदपणा दोष नव्हे. परजीवीला डासाच्या शरीरात संसर्गक्षम होण्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात. त्याआधी डास मेला की संक्रमणाची साखळी तुटते. शिवाय मरण्यापूर्वी मादीने अंडी घातलेली असल्याने प्रतिकारक्षम डासांच्या निवडीचा दाब कमी राहतो. २००९ मध्ये रीड, लिंच व थॉमस यांनी वयस्क डासच मारण्याविषयी केलेली मांडणी या विषयातील सर्वांत मौलिक विचार मानावी लागेल.

टांझानियातील प्रयोगात खेड्यातील घरांच्या छतास बीजाणूयुक्त काळे सुती कापड टांगले गेले. पकडलेल्या डासांपैकी २३ टक्के बाधित आढळले. वार्षिक संसर्गजन्य दंश २६२ वरून ६४ वर येतील, हा बहुचर्चित आकडा मात्र गणिती प्रारूपातून निघालेला आहे, प्रत्यक्ष मोजणीतून नव्हे.

२०१९ मध्ये बुर्किना फासोतील सुमुसो येथे जाळीबंद प्रयोगगृहात कोळ्याच्या विषाचे जनुक घातलेली बुरशी तिळाच्या तेलातून काळ्या कापडावर लावण्यात आली. ४५ दिवसांनंतर बुरशीविरहित दालनात १३९६, साध्या बुरशीच्या दालनात ४५५, तर जनुकबदल केलेल्या बुरशीच्या दालनात अवघे १३ डास उरले. कीटकनाशकांना न जुमानणाऱ्या डासांबाबतचा हा निष्कर्ष निःसंशय प्रभावी आहे. परंतु येथे मूळ भूमिकाच उलटली आहे. जलद मृत्यू व प्रजननास प्रतिबंध हे यशाचे निकष ठरले, की प्रतिकारशक्ती उत्पन्न होण्याचा तोच जुना धोका पुन्हा उभा राहतो. त्या तुलनेत २०११ मधील प्रयोग मूळ विचाराशी अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात बुरशीकरवी डासाच्या शरीरातील परजीवीवरच आघात करण्यात आला व लाळग्रंथींतील परजीवी ९८ टक्क्यांनी घटले.

बंदिस्त दालनात बाहेरून डास येत नाहीत. गावात ते येतच राहतात. उष्ण हवेत बीजाणूंची जीवनक्षमता घटते, त्यामुळे कापडावर पुन्हा पुन्हा लेप द्यावा लागतो. तो कोणी, किती दिवसांनी आणि कोणाच्या खर्चाने द्यावयाचा, हे ठरल्याशिवाय प्रयोगगृहातील आकडे गावाला लावता येणार नाहीत.